नानांच्या खिशातलं मशीन

मी कानाचं मशीन बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता एकदा माझंही कुणीतरी ऐकावं एवढीच इच्छा आहे. शाळेच्या पुस्तकात मला श्रवणयंत्र म्हणतात. आमच्या घरात मात्र सगळे मशीनच म्हणायचे, आणि ज्यांनी मला खिशात बाळगलं त्या रंगनाथनानांच्या लेखी तर मशीन या शब्दापेक्षा मोठा मान नव्हता.

आजकाल कानामागे दडून बसणारी यंत्रं निघाली आहेत, ती माझी नातवंडं. मी जुन्या घराण्यातला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, पाठीला क्लिप, कडेला एक बटण, आवाज कमीजास्त करायला दातेरी चक्री आणि पोटात एक पेन्सिल सेल. डबीतून निघालेली वायर थेट कानापर्यंत, आणि तिच्या टोकाला त्या माणसाच्याच कानाच्या मापाचा साचा. मी कानात राहतो असं लोकांना वाटतं. मी राहायचो नानांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात, म्हणून जगाचं बोलणं मला जितकं ऐकू यायचं, तितकंच आतलं धडधडणंही समजायचं.

माझी खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक. माझं आयुष्य सुरू झालं ते शहाण्णव साली, नाशकात शालिमारजवळच्या एका दुकानात. गोरख आपल्या वडिलांना हाताला धरून घेऊन आला होता. दुकानदाराने साच्यासाठी कानात मऊ लगदा भरला, तेव्हा नाना म्हणाले, "अरे, पाइपाला पॅकिंग बसवतो का काय?" सगळं दुकान हसलं. आठ दिवसांनी साचा तयार झाला, मला खिशात अडकवलं आणि गोरखने जरा घाबरतच विचारलं, "नाना, येतंय का ऐकू?"

"येतंय. वरडतो कशाला?"

माझ्यातून गेलेलं ते पहिलं बोलणं. गोरखच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

पुढे एकेक गोष्ट कानावर येत गेली. नाना इगतपुरीच्या लोको शेडमध्ये फिटर होते. पस्तीस वर्षं साहेबापेक्षा हातोड्याचं जास्त ऐकलं आणि त्यातच कान गेले. गोरखने रेल्वेत लागावं म्हणून त्यांनी खटपट केली, मुलाखतीचा कागदही आला. गोरख गेलाच नाही. तो नाशकात अंबडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. नाना म्हणाले, "या घरात आता पाय ठेवू नको." एवढ्याशा वाक्यावर बापलेकांची दोन वर्षं गेली. मधे चांगुणाबाई, गोरखची आई, दोघांकडे बघत बसल्या आणि त्र्याण्णवच्या श्रावणात काविळीने गेल्या. गोरख पोहोचला तो थेट मातीला.

"आईच्या मातीला पाव्हण्यासारखा आला," असं नाना येईल त्याला सांगायचे. आणि गोरख सांगायचा, "मला कुणी कळवलंच नाही." ही दोन वाक्यं त्या घरात वर्षानुवर्षं समोरासमोर उभी होती.

पुढे एकदा इगतपुरीत रूळ ओलांडताना नानांना मागून येणारं इंजिन ऐकू आलं नाही. एका गँगमनने ओढलं म्हणून वाचले. गोरख दुसऱ्याच दिवशी गेला आणि भांडून, रागावून, सामान उचलून त्यांना सिडकोतल्या आपल्या घरी घेऊन आला. पाठोपाठ मी आलो.

आता तुम्हाला वाटेल, मी आलो आणि बापलेक बोलायला लागले. कसलं काय. मी आल्यावर नानांच्या हाती एक नवं हत्यार आलं, ते म्हणजे माझं बटण. सून सविता बोलली की मी चालू. नात पूजा तर सरळ खिशाला तोंड लावून "हॅलो नाना" म्हणायची, तेव्हाही चालू. भाजीवाला, शेजारचे मल्हारीबुवा, सगळ्यांसाठी चालू. आणि गोरख कंपनीतून येऊन समोर बसला, "नाना, जरा बोलायचं होतं" म्हणाला, की सदऱ्यावरून अंगठा फिरायचा आणि मी बंद. मग गोरखचे फक्त ओठ हलत राहायचे आणि नाना भिंतीकडे बघून शांतपणे मान डोलवायचे. मला लाज वाटायची. पण बटण माझ्या अंगावर असलं तरी माझ्या हातात नव्हतं.

गोरखला हे कळायचं. तो सविताला म्हणायचा, "इतकी धडपड करून आणलं, आणि तेवढं माझ्यापुरतं बंद."

नानांची आणखी एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. शेडमध्ये नियम असायचा: कुठलाही भाग बसवला की त्यावर तारीख घालायची, आणि जुना जमा केल्याशिवाय नवा मागायचा नाही. निवृत्त होऊनही हा नियम त्यांच्या अंगातून गेला नव्हता. माझ्यात नवा सेल घालायच्या आधी ते चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापायचे, त्यावर बॉलपेनने तारीख लिहायचे आणि सेलला डकवायचे. सेल संपला की गोरखपुढे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हा जुना. नवा दे." गोरख म्हणायचा, "अहो नाना, मी काय स्टोअरकीपर आहे का?" तरी नियम म्हणजे नियम. जुना सेल दाखवून झाला की बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात जायचा. त्या काळात एक सेल मला दोन-दोन महिने पुरायचा. कुणी बोलायला आलं की तेवढ्यापुरता चालू, एरवी मी बंदच असायचो, पुरणार नाही तर काय.

अशी चार वर्षं गेली. मग दोन हजार सालचा दसरा आला.

शेडमध्ये दसऱ्याला सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला लावायचे आणि त्या दिवशी कुणी त्यांना कामाला जुंपायचं नाही. पूजेला बसलेलं हत्यार चालवलं तर वर्षभर ते रुसतं, असं तिथले जुने लोक म्हणायचे. नानांनी घरात तीच पद्धत चालू ठेवली होती. पाटावर त्यांचा हातोडा, नटबोल्टचे दोन पाने, एक कानस आणि त्यांच्या पंगतीला मी. मला हळदकुंकू लागलं, डोक्यावर झेंडूचं फूल आलं. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

दिवसभर नाना बिनमशीनचे हिंडले. लोकांनी सोनं दिलं, त्यांनी घेतलं, कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी आरती झाल्यावर त्यांनी सवयीने मला उचलून खिशात ठेवलं, साचा कानात घातला. बटण मात्र लावलं नाही. नियम मोडणारा माणूस नव्हता तो. माझ्या अंगावरचं कुंकू त्यांच्या सदऱ्याला लागलं.

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. गोरख आपट्याचं पान घेऊन आला, वडिलांच्या हातावर ठेवलं, पाया पडला आणि शेजारी बसला. समोरच्या मैदानात पोरं खेळत होती. नानांच्या सदऱ्यावरचा कुंकवाचा डाग पाहून तो हसला.

हे हसणं मी पाहिलं असं म्हणणार नाही, मी बंद होतो. पण पुढे पुष्कळ रविवारी तो स्वतःच सांगायचा, की त्या दिवशी आपल्याला धीर आला तो त्या डागामुळे. आज मशीनची पूजा झाली, म्हणजे आज ते चालणार नाही. नाना जीव गेला तरी लावणार नाहीत.

म्हणून तो बोलायला लागला. ऐकू न येणाऱ्या बापाशी, मोकळेपणी, समोर बघत.

पण बहिऱ्या माणसाला ओठ वाचता येतात, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. इतकी वर्षं गोरखने नानांसमोर 'आई' हा शब्द उच्चारला नव्हता. तो उच्चारताना ओठ कसे होतात ते नानांनी पाहिलं. त्यांचा अंगठा सदऱ्यावरून हळूच आला, माझ्या बटणावर थांबला. आणि पूजेला बसलेलं हत्यार रंगनाथनानांनी त्या दिवशी चालू केलं.

"...खोटं बोललो, नाना," गोरख म्हणत होता. "कळवलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. आईचा फोन आला होता. जायच्या आधी आठ दिवस. आमच्या खोलीखालच्या किराणा दुकानात तिने फोन केला. म्हणाली, गोरख, मला बरं वाटत नाही, येऊन जा. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, नाना स्वतः बोलवतील तेव्हा येईन. तर ती म्हणाली, बरं. डबा वेळेवर खात जा. आणि ठेवला फोन."

नानांचं काळीज माझ्या पाठीशी इतक्या जोरात धडधडत होतं की गोरखचं पुढचं बोलणं मला नीट पकडता येईना. माझ्यात एक वाईट खोड आहे. साचा जरा ढिला झाला की मी शिट्टी मारतो. त्या दिवशी नानांची मान कापत होती, साचा हलत होता, आणि माझा जीव टांगणीला लागला. आत्ता शिट्टी वाजली असती तर गोरख तिथल्या तिथे उठून गेला असता आणि पुन्हा कधी बोलला नसता. देवाची कृपा, मी गप्प राहिलो.

गोरखने डोळे पुसले. नानांनी समोरच्या मैदानाकडे बघत विचारलं, "च्या झाला का?"

तो बिचारा उठून चहा सांगायला गेला.

त्या दिवसापासून मी बंद झालो नाही. सकाळी साचा कानात गेला की रात्री निजेपर्यंत चालू. गोरख समोर आला की नाना पूर्वीसारखाच अंगठा सदऱ्यावर फिरवायचे, अगदी दिसेल असा. पण बटणाला हात लावायचे नाहीत. पस्तीस वर्षं ज्याने खोटं काम केलं नाही, तो माणूस म्हातारपणी पोराशी एवढी लबाडी शिकला.

आणि गोरखला बोलायची चटकच लागली. दर रविवारी संध्याकाळी गॅलरीत बसायचा आणि त्या 'बंद' बापाला सगळं सांगायचा. कंपनीतली भांडणं, पूजाचा हट्टीपणा, स्वतःचाही हट्टीपणा. एकदा म्हणाला, "आईच्या हातची नागलीची भाकरी आठवते, नाना. इकडे कोण करतं?" दुसऱ्या दिवशी नानांनी घर डोक्यावर घेतलं, "मला नागलीची भाकर पायजे." सविता वैतागली. "मागच्या महिन्यात तर म्हणाले, दातात अडकते." तिने शोधून नागली आणली, भाकऱ्या थापल्या. नानांनी एक घास खाल्ला आणि ताट गोरखकडे सरकवलं. "मला नाय जात. तू खा."

आणखी एकदा गोरख म्हणाला की प्रेसच्या आवाजाने हल्ली कानात घूं होतं. सोमवारी तो कामावर निघताना नानांनी त्याच्या हातात कापसाचे दोन बोळे कोंबले. "कानात घाल. नायतर माझ्यावानी हुशील." गोरख सविताला म्हणाला, "यांना कसं कळलं?" ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांना कळतं." आणि दोघंही तेवढ्यावर गप्प बसले. शहाणी माणसं कधीकधी किती थोडक्यात समाधान मानतात, याचं मला नवल वाटतं.

नाना उत्तर का देत नव्हते, हे मला माहीत होतं. उत्तर दिलं की गोरखला कळणार, मशीन चालू आहे. कळलं की तो बोलायचा थांबणार. इतक्या वर्षांनी मिळालेलं पोरगं ते एका वाक्यासाठी गमवायला तयार नव्हते.

सेल मात्र आता आठ दिवसांत संपायला लागले. नाना दर आठवड्याला गोरखपुढे उभे. "हा जुना. नवा दे." गोरखला वाटलं, मशीन म्हातारं झालं, करंट खातंय. तो मला शालिमारच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने मला उघडून, फुंकून, तपासून परत दिलं. "मशीन चांगलं आहे. वापर जास्त असेल."

"वापर?" गोरख हसला. "अहो, ते माझ्यासमोर कधी लावतच नाहीत."

मी त्याच्या मुठीत होतो. त्या वेळी मला जीभ असती तर.

पण एक वाक्य नानांकडेही साठलं होतं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. नाना कुजबुजायला गेले तरी खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. म्हणून ते दुपारी गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीमागे उभे राहायचे, माझी चक्री बरोबर लावून स्वतःचा आवाज स्वतः ऐकायचे आणि तेच ते म्हणून बघायचे. "गोरख, तुझ्या आईनं मलाबी सांगितलं व्हतं, पोराला बोलवा म्हणून. मीच सांगावा धाडला नाय. मीबी तुझ्यासारखाच अडून बसलो. तू एकट्यानं नको वाहू." पहिल्यांदा 'मीच' या शब्दाशी अडायचे. मग हळूहळू पूर्ण वाक्य यायला लागलं.

दोन हजार दोनची संक्रांत आली. गोरख तिळगूळ द्यायला येईल तेव्हा सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी गच्चीवर दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा न अडता.

संध्याकाळी घरात सविताच्या हळदीकुंकवाच्या बायका होत्या. गोरख आला, तिळगूळ हातावर ठेवला, वाकला. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. श्वास आत घेतला. आणि माझ्यातला सेल संपला.

दुसरं काही झालं नाही. सेल संपला एवढंच. नानांच्या कानात एकदम शेड बंद झाल्यासारखी शांतता पसरली. आता बोलले तर आवाज केवढा निघेल, कुणास ठाऊक. भरल्या घरात, वाण लुटणाऱ्या बायकांच्या पुढे हे वाक्य ओरडून सांगायचं? त्यांनी तोंड मिटलं. खिशातून मला काढलं, गोरखला दाखवलं. "जुना संपला."

गोरखने हाताने खूण केली, उद्या सकाळी आणतो.

सकाळी त्याने दूध आणतानाच सेल आणला. नानांच्या खोलीत जाऊन म्हणाला, "नाना, जुना द्या, नवा घ्या." नाना भिंतीकडे तोंड करून निजले होते. उत्तर नाही. गोरखला त्यात नवीन काही वाटलं नाही. नवा सेल उशाशी ठेवून तो चहा प्यायला गेला. थोड्या वेळाने सविता उठवायला आली, तेव्हा सगळ्यांना कळलं.

मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खुंटीला लटकलेला होतो. पोटात मेलेला सेल. माझ्यामुळे एक वाक्य राहून गेलं, हे दुःख मी कुणाला सांगू?

तेराव्यानंतर सामान आवरताना सविता म्हणाली, "मशीन कुणा गरजूला देऊन टाकू." गोरखने मला हातात घेतलं, पाठीचं झाकण उघडलं. सेलवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख: सात जानेवारी. तो म्हणाला, "हाही सातच दिवसांत संपला. दुकानदार म्हणाला होता, वापर जास्त असेल. पण कधीपासून?" मग त्याला बिस्किटांचा डबा आठवला.

डबा त्याने जमिनीवर उपडा केला. ऐंशीच्या घरात सेल होते, एकूण एकावर तारीख. तो आणि पूजा बसून ते ओळीने मांडायला लागले. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. दोन सेलांमध्ये दोन-दोन महिन्यांचं अंतर. दोन हजार सालातही तेच. मग अकरा ऑगस्ट. मग पंधरा ऑक्टोबर. त्यापुढे तेवीस ऑक्टोबर. एकतीस ऑक्टोबर. आणि तिथून पुढे संपूर्ण ओळ, आठ-आठ दिवसांनी.

"पप्पा, इथून एवढे का लागले?" पूजाने विचारलं.

गोरखने बोट ठेवलं होतं ते पंधरा ऑक्टोबरवर. "त्या साली दसरा सात तारखेला होता," तो म्हणाला. फरशीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. "ऐकत होते गं," एवढंच म्हणत राहिला. "सगळं ऐकत होते."

थोड्या वेळाने त्याने उशाशी राहिलेला तो नवा सेल आणला. चिकटपट्टीचा तुकडा कापला, तारीख घातली, डकवला. जुना डब्यात जमा केला. मला चालू करून साचा आपल्या कानात घातला. साचा नानांच्या कानाचा, पण शेवटी बापाचाच कान पोराला मिळालेला. जवळजवळ बसला. अगदी बारीकशी फट राहिली.

मी सगळा जोर एकवटला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, पन्नास वेळा ऐकलेलं ते वाक्य मला त्याच्या कानात सोडायचं होतं. 'तू एकट्यानं नको वाहू' एवढे तरी शब्द. पण मी आलेलं बोलणं मोठं करून पुढे देतो, साठवता मला येत नाही. माझ्यातून नुसती शिट्टी निघाली.

गोरख रडता रडता हसला. "काय म्हणताय, नाना?"

त्यालाही आता वर्षं झाली. मला कुणाला दिलं नाही. मी नानांच्या हातोड्याशेजारी पेटीत असतो. दर दसऱ्याला आम्ही सगळे पाटावर बसतो, हळदकुंकू लागतं, झेंडू मिळतो. बाकीची हत्यारं त्या दिवशी विसावा घेतात. माझ्यात मात्र गोरख तारीख घातलेला नवा सेल घालतो आणि बटण लावून ठेवतो.

माझी तुम्हाला विनंती एवढीच. घरातलं म्हातारं माणूस ऐकत नाही असं वाटलं, तरी त्याच्याजवळ बसून बोलत जा. आणि म्हाताऱ्यांनो, तुमच्याकडे एखादं वाक्य साठलं असेल तर संक्रांतीची वाट पाहू नका. घरभर माणसं असतील, आवाज मोठा निघेल, निघू द्या. माझं काय, मी दसऱ्याला पाटावर असतो. संध्याकाळी गोरख दोन खुर्च्या गॅलरीत मांडतो, एकीवर मला ठेवतो, दुसरीवर आपण बसतो आणि वर्षभराचं सगळं सांगतो. मी चालू असतो.